दुकानात सगळे आहे, आपण कुठे आहोत?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती पुण्यात वसतिगृहात राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. मराठीच्या बाईंनी वर्गाला एक काम दिले होते. आपण ज्या समाजात वाढलो त्या समाजातल्या लेखकाचे एक मराठी पुस्तक वाचायचे आणि त्यावर वर्गात दहा मिनिटे बोलायचे. कुणी दया पवारांचे 'बलुतं' घेतले, कुणी लक्ष्मण माने यांचे 'उपरा', कुणी किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर'. भाचीने रात्री मोबाइलवर मराठी पुस्तकांचे एक मोठे ऑनलाइन दुकान उघडले, तासभर शोधले आणि मला फोन लावला.

"मामू, अपना कुच हैच नहीं क्या मराठी में?"

मला राग आला. आधी त्या दुकानाचा, मग तिचा आणि फोन ठेवल्यावर स्वतःचा. मी वीस वर्षे मराठी शिकवतो. ईदला या पोरीला दरवर्षी ईदी दिली, ड्रेस दिला, एकदा घड्याळ दिले. पुस्तक एकदाही दिले नाही. ती बिचारी जे नाव कधी ऐकलेच नाही ते शोधणार तरी कसे?

मग मीच ते दुकान उघडून बसलो. त्या रात्री जे दिसले त्यावर हा लेख आहे. यात दुकानाबद्दल तक्रार आहे, पण मोठी तक्रार आपल्याबद्दल आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

शोधपट्टीत 'मुस्लिम' लिहिले की काय निघते?

दुकान खरोखरच मोठे आहे. शेळीपालनापासून शेअर बाजारापर्यंत, ज्ञानेश्वरीच्या अनेक आवृत्त्यांपासून इंग्रजी रहस्यकथांच्या अनुवादापर्यंत सगळे एका पडद्यावर. स्पर्धा परीक्षांचा कप्पा तर संपतच नाही. त्यात मी 'मुस्लिम' हा शब्द टाकला. पुढे जे आले त्याचे साधारण तीन ढीग करता येतात.

पहिला ढीग दीनी पुस्तकांचा. नमाज कशी पढावी, दुआ, पैगंबरांचे चरित्र, कुरआनचे मराठी अनुवाद. ही पुस्तके हवीतच आणि ती मराठीत आहेत याचा आनंद आहे. पण मुसलमान माणूस म्हणजे फक्त जानमाज नव्हे. तो शेती करतो, एसटीत कंडक्टर असतो, प्रेमात पडतो, कर्ज काढतो, बहिणीच्या लग्नात रडतो. यातले काही या ढिगात नाही, आणि ते तिथे असण्याची अपेक्षाही नाही.

दुसरा ढीग आपल्याबद्दल इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांचा. फाळणी, काश्मीर, दहशतवाद, मोगल, लोकसंख्या. मुखपृष्ठावर हिरवा रंग आणि बहुतेक वेळा एखादी तलवार. यातली काही अभ्यासपूर्ण आहेत, काही निव्वळ विष आहेत. दुकानाला दोन्हींत फरक दिसत नाही, कारण दोन्ही खपतात.

तिसरा ढीग मला सर्वांत लक्षात राहिला. तो अनुवादांचा आहे. बेट्टी महमूदी यांचे 'नॉट विदाउट माय डॉटर', खालिद हुसेनी यांचे 'द काइट रनर', तसलिमा नसरीन यांचे 'लज्जा', मलाला युसुफझाईचे आत्मकथन. ही सगळी मराठीत आहेत आणि मराठी वाचकाने भरभरून वाचली आहेत. वाचू दे. हुसेनी मलाही आवडतो. पण याचा अर्थ काय होतो, तो बघा. मराठी घरातल्या वाचक बाईला तेहरानमध्ये अडकलेल्या बाईचे दुःख ठाऊक आहे, काबूलच्या गल्ल्या ठाऊक आहेत. तिच्याच शहरात, तिच्याच रस्त्याच्या पलीकडे राहणारी शबाना सकाळी किती वाजता उठते, तिला दहावीनंतर शाळेतून का काढले आणि आता ती शिलाईच्या कामावर किती कमावते, हे मात्र तिला ठाऊक नाही. तिच्या कपाटातला मुसलमान एकतर इराणचा आहे, नाहीतर अफगाणिस्तानचा. चिपळूणचा, मिरजेचा, परभणीचा मुसलमान त्या कपाटात नाही.

आता कुणी म्हणेल की हा पुस्तक विकणाऱ्यांचा डाव आहे. मला तसे वाटत नाही. दुकानदार मागणी बघतो. डाव असता तर बरे झाले असते, कुणाशी भांडायचे ते तरी कळले असते.

आहे, पण नाव माहीत असेल तरच

दुसऱ्या रात्री मी वेगळ्या रीतीने शोधले. विषय टाकला नाही, नावे टाकली. हमीद दलवाई. मेहरुन्निसा दलवाई. मलिका अमरशेख. फकरुद्दीन बेन्नूर. यू. म. पठाण. आणि पडद्यावर पुस्तके येऊ लागली. काही 'उपलब्ध', काही 'शिल्लक नाही', पण नोंद तरी होती.

म्हणजे भाचीला जे 'नाहीच' वाटले त्यातले बरेच काही त्याच दुकानात पडून होते. या दुकानांची रीत अशी आहे. जुन्या पुस्तकाच्या दुकानात काउंटरमागे एखादे काका असत. तुम्ही अर्धे नाव सांगितले की ते पूर्ण करून देत आणि वर "हे घेताय तर ते पण न्या" असे सांगत. ऑनलाइन दुकानात काका नाहीत. तिथे यंत्र आहे. यंत्र तुमचा शब्द जसाच्या तसा शोधते, आणि "हे घेणाऱ्यांनी हेही घेतले" म्हणून दाखवते ते आधीच्या गिऱ्हाइकांवरून. ज्या पुस्तकाला आधीचे गिऱ्हाईकच नाही, ते नव्या गिऱ्हाइकासमोर येत नाही. आणि समोर येत नाही म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

त्यात आपल्या नावांची स्पेलिंगे. श्रीगोंद्याच्या संतकवीचे नाव मराठीत 'शेख महंमद' असे छापतात. आपण आज 'मोहम्मद' लिहितो, कुणी 'मुहम्मद', कुणी 'महम्मद'. 'सूफी' आणि 'सुफी', 'मुस्लिम' आणि 'मुस्लीम', 'कुरआन', 'कुराण', 'कुरान'. एक काना, एक वेलांटी चुकली की पुस्तक नाहीसे होते. 'शेख मोहम्मद' टाकून मला योगसंग्रामकार सापडला नाही. 'शेख महंमद' टाकल्यावर सापडला. तोच माणूस, तेच दुकान.

हे दुरुस्त करणे दुकानाचे काम आहे आणि ते त्यांनी करायला हवे. पुस्तकाच्या नोंदीत चार प्रकारची स्पेलिंगे घालायला दहा मिनिटे लागतात. आणखी एक काम त्यांनी करावे. दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी आहे, तिला कादंबऱ्यांत ठेवा. त्यांचा 'लाट' हा कथासंग्रह आहे, तो कथांमध्ये ठेवा. मलिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे मराठीतल्या सर्वांत धाडसी आत्मकथनांपैकी एक आहे, त्याला आत्मचरित्रांच्या पहिल्या रांगेत जागा द्या. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' संतसाहित्यात हवा. अमर शेखांची गाणी शाहिरीत हवीत. लेखकाचे नाव बघून पुस्तक थेट 'इस्लाम' किंवा 'मुस्लिम प्रश्न' या कप्प्यात टाकू नका. आम्हाला वेगळे कपाट नको आहे, मराठीच्या कपाटातली आमची जागा हवी आहे.

'तुमची भाषा उर्दू ना?'

हा प्रश्न प्रत्येकाने ऐकला असेल. मुलाखतीत, भाड्याचे घर शोधताना, आणि मराठीत छान बोललात म्हणून होणाऱ्या त्या विचित्र कौतुकातसुद्धा. गंमत अशी की आपल्यातली काही मंडळीही हेच म्हणतात. तिकडचा म्हणतो, मराठी तुमची नाही. इकडचा म्हणतो, मराठी आपली नाही. दोघांचे एकमत आहे आणि दोघेही चूक आहेत.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या १ कोटी २९ लाखांहून अधिक आहे. त्याच जनगणनेत उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उर्दू सांगणारा प्रत्येक जण मुसलमान धरला, तरी ५० लाखांहून अधिक मुसलमान उरतात ज्यांनी आपली भाषा दुसरी सांगितली. कुणी मराठी, कुणी हिंदी, कुणी कोकणी. आणि ज्यांनी उर्दू सांगितली त्यांतल्या कितीतरी घरांत बोलली जाते ती दखनी, मराठीच्या मांडीवर वाढलेली. ज्यांची मुले मराठी शाळेत जातात, सातबारा मराठीत वाचतात, ग्रामपंचायतीत मराठीत भांडतात, त्यांना पुस्तक मात्र मराठीत नको, हा कुठला न्याय?

इतिहासही आपल्याच बाजूने आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' मराठीत लिहितात. बहामनी राजघराण्याशी नाते सांगितले जाणारे शहा मुंतोजी मराठीत ग्रंथरचना करतात. रा. चिं. ढेरे यांना 'मुसलमान मराठी संतकवी' असे स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले, कारण ते कवी एकदोन नव्हते. विसाव्या शतकात बार्शीचा मेहबूब पटेल शाहीर अमर शेख होतो आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याचा आवाज मैदाने भरून टाकतो. १९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या मोबाइलवरही अभिनंदनाचे संदेश फिरले. ते अभिनंदन आपलेही होते. या भाषेच्या इमारतीत आपल्या पूर्वजांच्या हातच्या विटा आहेत.

आता आपले घर

इथपर्यंत वाचताना काही जणांना बरे वाटले असेल. दुकान चुकले, समाज चुकला, सरकार चुकले. आता पुढचे वाचा.

दरवर्षी ६ डिसेंबरला मुंबईत चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर येतात. बरेच जण मजुरी करणारे, रात्रभर प्रवास करून आलेले, फुटपाथवर झोपणारे. शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या स्टॉलची रांगच्या रांग लागलेली असते आणि ही माणसे परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. पोराला वाचता येते, म्हणून पोरासाठी. 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा त्याच्या मागे 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक होते, पँथर होती, आणि बाबासाहेबांनी "शिका" म्हटले ते खरे मानणारा वाचक होता. माझ्या भाचीच्या वर्गातल्या मुलाला आपल्या समाजाचे पुस्तक शोधावे लागले नाही. ते त्याच्या घरात होते.

आता आपला उरूस आठवा. किती गर्दी, किती दुकाने! बांगड्या, खेळणी, चादरी, अत्तर, मिठाई, आकाशपाळणा. गावोगावचे उरूस मी लहानपणापासून बघतो आहे. मराठी पुस्तकाचा एक स्टॉल कधी बघितलात? जुम्म्याला मशिदीबाहेर पुस्तिका विकणारा असतो, त्याच्याकडे मराठीत असलेच तर नमाजचे पुस्तक आणि तारखांचे कॅलेंडर. आपल्या शाळांची नावे 'इक्रा', क्लासची नावे 'इक्रा', झेरॉक्सच्या दुकानाचे नाव 'इक्रा'. वहीचा पहिला शब्द म्हणजे 'वाच', हे आपण व्यासपीठावरून किती वेळा सांगतो! आणि घरात कपाट कशाचे? काचेच्या भांड्यांचे.

पैसे नाहीत, हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. गरिबी खरी आहे. ती सच्चर समितीने २००६ साली दाखवली आणि महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या मेहमूद उर रहमान समितीने पुन्हा दाखवली. पण मी ज्या घरांबद्दल बोलतो आहे तिथे वलिम्याला पाचशे माणसे जेवतात, हळदीला डीजे येतो आणि मुलाच्या हातात वीस हजारांचा मोबाइल असतो. त्या मोबाइलमध्ये पुस्तकांचे दुकान आहे. एका बिर्याणीच्या पार्टीत जितके जातात तितक्यात दोन पुस्तके येतात.

दुसरे उत्तर असते की अशी पुस्तके वाचून पोरे दीनपासून दूर जातात. या बुजुर्गांना अदबीने विचारतो, पोरे आज दिवसातले पाच तास रील बघतात, त्याने दीनच्या जवळ जातात काय? साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिली, विनोबांनी 'कुराण-सार' काढले. दोन हिंदू माणसांनी इतक्या प्रेमाने आपला दीन मराठीत मांडला, तो तरी आपण वाचला का? जो ईमान एका कादंबरीने डळमळतो त्याला आपण घरात नीट जोपासले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता आम्ही सुधारणावाले. आम्हालाही सोडू नये. ज्या चळवळीत मी वाढलो तिथे दरवर्षी १८ एप्रिल आठवला जातो. १९६६ साली त्या दिवशी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा सचिवालयावर नेला. २२ मार्च १९७० हा मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या स्थापनेचा दिवस, तोही आठवला जातो. हार, भाषणे, चहा. पण सभागृहातल्या शंभर जणांपैकी 'इंधन' किती जणांनी वाचली आहे, असे विचारले तर हात मोजावे लागत नाहीत. दलवाईंना शिव्या देणाऱ्यांनी त्यांना वाचलेले नसते. त्यांचा जयजयकार करणाऱ्यांनीही नसते. हे आपल्या दोन्ही बाजूंचे साम्य आहे.

आणि 'सप्रेम भेट' हा आपला आणखी एक रोग. आपला लेखक कर्ज काढून पाचशे प्रती छापतो. त्या गाडीच्या डिकीतून संमेलनाला नेतो. तिथे प्रत्येक ओळखीचा माणूस म्हणतो, "सर, एक कॉपी द्या ना, सही करून." पन्नास विकल्या जातात, दोनशे वाटल्या जातात, उरलेल्या पलंगाखाली वाळवी खाते. वितरकाकडे पुस्तक जात नाही, आयएसबीएन घेतलेला नसतो, मुखपृष्ठाचा नीट फोटो नसतो. ऑनलाइन दुकान ते पुस्तक दाखवणार कुठून? त्याला ते छापले गेले हेच माहीत नाही. आयएसबीएन भारतात मोफत मिळतो, अर्जही ऑनलाइन करता येतो. तरी आपण तो घेत नाही, आणि मग व्यासपीठावरून म्हणतो, 'आमचे साहित्य दडपले जाते.' दडपले जाते तेही आहेच. पण त्यातले थोडे आपण स्वतः पलंगाखाली दडपले आहे.

'आपले' वाचायचे म्हणजे कुंपण घालायचे का?

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. एक तरुण मित्र म्हणाला, "तुम्ही आम्हाला मुसलमान लेखकच वाचायला सांगता. हा घेट्टोच झाला ना?"

नाही. फुले वाचा, आंबेडकर वाचा, कुरुंदकर वाचा आणि त्यांच्याशी वाद घाला. आपल्यावर टीका करणारी पुस्तकेही विकत घेऊन वाचा, फॉरवर्ड वाचून उत्तर देऊ नका. रहस्यकथा वाचा, विज्ञान वाचा, शेळीपालनसुद्धा वाचा. एवढे मोठे दुकान हातात असताना एकाच कप्प्यात बसणे हा करंटेपणा आहे.

पण जो स्वतःबद्दल काही वाचत नाही, तो स्वतःबद्दल इतरांनी लिहिलेले खरे मानू लागतो. हे मी वर्गात बघितले आहे. हुशार मुस्लिम मुलगा इतिहासाच्या तासाला मान खाली घालून बसतो. त्याला वाटते, या भाषेत, या मातीत आपण पाहुणे आहोत. त्याला जर माहीत असते की जळगावात १९८२ साली मुस्लिम बायकांवर सिनेमाबंदी लादली गेली तेव्हा रझिया पटेल नावाची तरुणी त्याविरुद्ध उभी राहिली, आणि ती लढाई मराठीत 'चाहूल'मध्ये वाचता येते, तर त्याची मान वर राहिली असती. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' वाचले तर कळते की चळवळ म्हणजे भाषण नव्हे. घर चालवणे, नवऱ्याचा आजार सोसणे आणि लोकांचे बोल ऐकून पुन्हा उभे राहणे, हे सगळे त्यात येते. बेन्नूर सरांचे 'भारतीय मुसलमानांची समाजरचना आणि मानसिकता' वाचले तर कळते की आपण एकसंध दगड नाही. आपल्यात जाती आहेत, प्रांत आहेत, वर्ग आहेत. टीव्हीवरच्या चर्चेत जे दाखवतात त्याहून आपण कितीतरी गुंतागुंतीचे आहोत. हे उत्तर द्यायला भाषा लागते, आणि भाषा पुस्तकातून येते.

मग करायचे काय?

मला ठराव नको आहेत. पाच साधी कामे सांगतो.

पहिले, विकत घ्या. महिन्याला एक पुस्तक, पूर्ण किंमत देऊन. लेखक ओळखीचा असेल तर जास्तच आवर्जून विकत घ्या आणि 'सप्रेम भेट' मागणे बंद करा. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती ही नेहमीची गोष्ट आहे, कित्येकदा त्याहूनही लहान. म्हणजे महाराष्ट्रातल्या शंभर तरुणांनी एका महिन्यात एकच पुस्तक मागवले, तर प्रकाशक खुर्चीत सरळ होऊन बसेल. यंत्रही हलेल.

दुसरे, लिहा. पुस्तक वाचल्यावर दुकानाच्या पानावर चार ओळींचा अभिप्राय लिहा. आवडले नसेल तर तसे लिहा, का आवडले नाही ते सांगा. आपल्या पुस्तकांखालची जागा रिकामी असते किंवा तिथे न वाचताच कुणीतरी विष ओकून गेलेले असते. ती जागा वाचलेल्या माणसाने भरायला हवी.

तिसरे, मागा. 'शिल्लक नाही' दिसले की गप्प बसू नका. प्रकाशकाला पत्र, मेल, फोन करा. दहा जणांनी विचारले तर पुनर्मुद्रणाचा विचार सुरू होतो. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जा. १९६७च्या कायद्यानुसार चालणारी ही अनुदानित वाचनालये आपल्याही करातून चालतात. सभासद व्हा आणि मागणीच्या वहीत पुस्तकाचे नाव लिहा. नाव लिहिणारा मुसलमान त्यांनी फारसा बघितलेला नसतो, हा त्यांचा जितका दोष तितकाच आपला.

चौथे, जुने जिवंत करा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११पासून त्यांचे लेखन मोकळे आहे. अमर शेख १९६९ साली गेले, त्यांच्या कविता १ जानेवारी २०३०ला मोकळ्या होतील. शेख महंमदांच्या ओव्यांवर तर कुणाचाच हक्क नाही. नव्या संपादनावर संपादकाचा हक्क असतो, तो मात्र पाळला पाहिजे. टाइप करणारी चार पोरे, शुद्धलेखन बघणारा एक मास्तर आणि एक सुट्टी एवढ्यात एक जुने पुस्तक ई-बुक होऊ शकते. इथे तुमची पिढी आमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे.

पाचवे, फिरवा. प्रत्येक मोहल्ल्यात एक पत्र्याची पेटी, तीस पुस्तके आणि एक वही. मशिदीच्या वरच्या खोलीत, मदरशाच्या ओट्यावर, नाहीतर एखाद्या आपाच्या शिलाईच्या दुकानात. दुसऱ्या गावच्या पेटीशी पुस्तके बदलायची असतील तर डाकखात्याने १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि ५ किलोचे पार्सल १०० रुपयांत जाते, कर वेगळा. व्यापारी मजकूर नसला की झाले. आणि पुढच्या उरुसाला कमिटीकडे एका स्टॉलची जागा मागा. बांगड्यांच्या दुकानाशेजारी चालेल.

भाचीचे काय झाले?

तिला मी 'इंधन' मागवून दिली. चार दिवसांत आली. वर्गात ती दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटे बोलली, असे तिने सांगितले. कोकणातले ते गाव, शहरातून आजारी होऊन परतलेला तो माणूस आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारे शेजार. वर्गातल्या एका मुलीने विचारले, "मुस्लिम लेखकाने मुस्लिमांवरच इतके कठोर लिहिले?" भाची म्हणाली, "आपल्या घराबद्दल आपण कठोर नाही लिहायचे तर कुणी लिहायचे?"

फोनवर हे ऐकताना मला माझी वीस वर्षे आठवली आणि ती ईदीची पाकिटे आठवली.

या ईदला तिच्या धाकट्या भावाला पाकिटासोबत एक पुस्तक देणार आहे. तो नववीत आहे, क्रिकेटशिवाय काही वाचत नाही. म्हणून क्रिकेटचेच देईन. सुरुवात कुठल्याही कप्प्यातून झाली तरी चालते. तुम्ही तुमच्या घरात कुणाला काय देणार आहात, ते आज ठरवा. दुकान रात्रभर उघडे असते.